राजधानी, मुख्य शाखा

मान

"राजधानीची कोंबडी ही थंडीत खायची गोष्ट आहे," मी म्हणते.

"उन्हाळ्यात," बळवंत म्हणतात. ते माझे यजमान, इंदूरचे. "कैरीचं पन्हं, कच्चा कांदा आणि राजधानीची कोंबडी. थंडीत दुकान बंदच असायचं."

"बंद नसायचं. आमच्याकडे ग्वाल्हेरला असायचं."

"तुमच्याकडे शाखा होती, शामला. मुख्य शाखा इंदूरला."

हे भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं आहे. त्या दिवशी शेजारच्या सुमनताई बसल्या होत्या म्हणून जरा हळू आवाजात चाललं होतं. त्या शिवपुरीच्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगबाई, राजधानी! आमच्याकडेही होती ना. पण कसली सौम्य असायची, नाही? लहान मुलंसुद्धा मिटक्या मारत खायची."



सौम्य! राजधानीची कोंबडी खाताना नाक पुसायला पदर लागायचा. बळवंतांनी माझ्याकडे पाहिलं, मी बळवंतांकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं: सुमनताई दुसऱ्याच कुठल्यातरी दुकानाबद्दल बोलत होत्या.

मग मला डबा आठवला.

राजधानीत ताट एकदम भरून येत नसे. कढईतून जसजसं निघेल तसतसं पानात पडायचं. आधी मान, ती फुकट, वाट बघणाऱ्यासाठी. मग पंख. मग छातीचा तुकडा. तंगडी शेवटी. पंखावर जो उठला त्याने राजधानीबद्दल बोलू नये असं आमच्या छावनीत म्हणत.

सुमनताई, बसा.

पंख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंदे की छावनीत, पाटी होती:

राजधानी. तळलेली कोंबडी. मुख्य शाखा. (दुसरी शाखा: इंदूर)

दुसरा पंख

इंदूरला पाटी होती:

राजधानी. तळलेली कोंबडी. मुख्य शाखा. (दुसरी शाखा: लष्कर, ग्वाल्हेर)

रंगारी एकच. दोन्ही शाखा एका वेळी उघड्या कोणी पाहिल्या नाहीत, कारण कढई एक होती.

छाती

सुलोचनाबाई माझी सख्खी आत्या, आमच्या भिंतीला लागून राहणारी. कान्होजी तिचे यजमान, आमचे आतोबा. संस्थानच्या रिसाल्यात ते आचारी होते. संस्थान विलीन झालं, मागोमाग फौज विलीन झाली, आणि रिसाल्याची भांडीकुंडी लिलावात निघाली. आतोबांनी एक कढई घेतली. बिडाची, दोघांनी दोन कानांना धरून उचलायची. रिसाल्यात तिला थोरली म्हणत. घरी आल्यावर आत्या तिला सवत म्हणू लागली.

ग्वाल्हेर, इंदूर वगैरे संस्थानं जोडून मध्यभारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर मोठं की इंदूर, हे कोणाच्याने ठरेना. मग दोघांची समजूत काढली: थंडीत राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापायला लागलं की मोतीमहालातल्या कचेऱ्या पेट्यांत भरायच्या आणि फायली, टाक, दौती, कारकून असं सगळं सरकार इंदूरला निघायचं. दिवाळीच्या सुमाराला परत. आतोबांचं गिऱ्हाईक म्हणजे हेच कारकून. गिऱ्हाईक गावाला निघालं तर कढई मागे राहून काय करणार? तीही निघायची. भोपाळला गाडी बदलायची, उज्जैनला पुन्हा बदलायची, आणि दरवेळी थोरलीला उतरवायची नि चढवायची. "भोपाळ म्हणजे कंबर मोडायचं ठिकाण," आतोबा म्हणत.

आत्या जात नसे. तिचा मसाला जायचा. लाल मिरच्या, धणे, ओवा, दगडफूल गच्चीवर वाळवून, कुटून, तुपाचा मोठा डबा गळ्यापर्यंत भरायची. हंगामभर पुरेल इतका. टांग्यात पुढे आतोबा, मागे कढई, आत्याच्या मांडीवर डबा आणि कोपऱ्यात मी, अशी वरात स्टेशनावर जायची. गाडी सुटता सुटता आत्या विचारायची:

"लौटणार कधी?"

"सरकार लौटेल तेव्हा."

ही आमची ग्वाल्हेरची मराठी. बळवंत अजून हसतात. परतणार म्हणायला काय होतं, विचारतात. काही होत नाही. पण आत्या लौटणार म्हणायची, आणि आतोबा दिवाळीच्या आधी लौटायचे.

छप्पन साली पुनर्रचना झाली. मध्यभारत मोडला, मध्यप्रदेश झाला, आणि राजधानी ठरली भोपाळ. थंडीत भोपाळ, उन्हाळ्यातही भोपाळ.

त्या दसऱ्याला आतोबा इंदूरचं दुकान कायमचं बंद करून आले. लष्करातलंही आवरायचं होतं. रघुनाथराव म्हणून मोतीमहालातले हेडक्लार्क होते, फूलबागेजवळ राहायचे, राजधानीत रोज. ते मान चोखत म्हणाले, "कान्होजीराव, मी जागा बघून ठेवली आहे. नव्या कचेरीच्या अगदी तोंडावर. एकच शाखा, बारा महिने! पाटीवर मुख्य लिहायचीसुद्धा गरज नाही."

"बघतो," आतोबा म्हणाले.

"बघता काय? आम्ही तिथे काय डाळ खाऊन राज्य चालवायचं? आणि वहिनींनाही न्या आता. दर सहा महिन्यांची ये-जा संपली, सुखाने राहा."

आतून आत्याचा आवाज आला. "भोपाळला लोक गाडी बदलतात. राहतं का कोणी तिथे?"

सगळे हसले. आतोबा हसले नाहीत. ते झाऱ्याने तेल ढवळत राहिले, त्यात काही नसताना.

गच्चीवर मिरच्या पसरताना मी आत्याला म्हटलं, "जा ना तू. सगळं घरच तर चाललंय."

"तुला काय कळतं शामले."

"मग सांग."

तिने मिरच्यांची देठं काढता काढता सांगितलं. "आमचं लग्न झालं नि हे पलटणीबरोबर बाहेर. लढाई संपली तर ही सवत आली. आम्ही दोघं सलग वर्षभर एका घरात राहिलोच नाही कधी. सहा महिने कोणाशीही जमतं ग. यांना घोरायला आवडतं, मला दिवा लावून झोपायला आवडतं. मी म्हणते, जाऊ दे, ऊन पडलं की जातीलच. हे म्हणत असतील, जाऊ दे, ऊन पडलं की जाईनच. असं चाललंय आमचं. झकास चाललंय."

"मग?"

"मग भोपाळला जाऊन नाही जमलं तर? लौटायचं कुठे? इथलं दुकान विकलं जाणार, घरही जाणार."

"आणि नाही गेलीस तर?"

तिने एक देठ उगाचच दोनदा मोडलं. "सरकार काही लौटत नाही आता."

त्या पंधरवड्यात आतोबांनी तिला एकदाही 'चल' म्हटलं नाही, आणि तिने त्यांना एकदाही 'राहा' म्हटलं नाही. दोघं फक्त मसाल्याबद्दल बोलायचे.

"डबा भरलास?"

"किती दिवसांचा भरू?"

आतोबा जेवायला लागायचे. डबा स्वयंपाकघरात जमिनीवर, झाकण बाजूला ठेवून, तसाच उघडा.

तंगडी

ऐन दिवाळीच्या तोंडावर सरकार निघालं. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्या, वळकट्या, तुळशीची कुंडी घेतलेली एक म्हातारी, रडणाऱ्या सुना, आणि त्यांच्या दुप्पट रडणारे कारकून. रघुनाथराव खिडकीत बसून जागा राखत होते. गार्डाच्या डब्यात हमालांनी गोणपाटात गुंडाळलेली थोरली चढवली.

आत्याने डबा आतोबांच्या हातात दिला. भरलेला होता, अगदी गळ्यापर्यंत. पुऱ्यांची पुरचुंडी दिली. लोणच्याची बरणी दिली.

आणि मागे सरून उभी राहिली.

आतोबाही उभे. एक पाय पायरीवर, एक खाली.

"विचार की," ते म्हणाले.

"काय विचारू?"

"दरवर्षी विचारतेस ते."

"उत्तर माहीत आहे मला."

"तरी विचार."

"नाही विचारत जा."

गार्डाने शिट्टी फुंकली. रघुनाथराव ओरडले, "कान्होजीराव, चढा!" आतोबांनी आत्याकडे पाहिलं, हातातल्या मसाल्याच्या डब्याकडे पाहिलं, आणि पायरीवरचा पाय खाली घेतला. मग धावत गार्डाच्या डब्याकडे गेले.

"उतारो!"

हमाल कपाळ पुसत होता. "अब उतारें? दाऊ, अभी तो चढ़ाई है!"

"अरे उतारो भाई, गाड़ी चल देगी!"

थोरली उतरली ती आपटूनच. एका कानाचा टवका उडाला. गाडी हलली. रघुनाथराव खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते. त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे, इतका तो खरा दुःखी होता:

"अहो, पण आमचं काय?"

"डाळ खा!" आतोबा म्हणाले.

आत्या कढईपाशी गेली. मला वाटलं, आता रडेल. तिने टवका उडालेल्या कानावरून बोट फिरवलं.

"सवतीला तरी नीट उतरवायचं," ती म्हणाली. "वेंधळे कुठले."

दुसरी तंगडी

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण कोंबडीला तंगड्या दोन असतात.

हिवाळा चांगला गेला. लष्कर रिकामं वाटत होतं, तरी किला गेटपासून लोक यायचे. मग ऊन पडलं. आणि असं दिसलं की ग्वाल्हेरने उन्हाळ्यात राजधानीची कोंबडी कधी खाल्लीच नव्हती, त्यामुळे आताही खाणार नव्हतं. "उन्हाळ्यात कोंबडी? गरम पडते," लोक म्हणायचे. आतोबा भरल्या कढईपुढे पंखा हलवत बसायचे. कंटाळले की घरी यायचे. दिवसातून चारदा.

"पुन्हा आलात?" आत्या म्हणायची.

"माझं घर आहे."

"मी कुठे नाही म्हणते? पण रांजण का हलवला?"

"पाणी गार राहावं म्हणून."

"तो तिथे का होता माहीत आहे? पाणी गार राहावं म्हणून!"

रात्री गच्चीवर खाट कोणत्या दिशेला टाकायची यावरून आमच्या भिंतीपर्यंत आवाज यायचा. नंतर दिवा. नंतर घोरणं. मला वाटलं, आत्याची भीती खरी ठरली. प्लॅटफॉर्मवर आतोबांनी जे वाचवलं, ते रांजणापाशी मोडणार.

एका सकाळी आत्या आमच्याकडे आली, तर हाताला तिखट लागलेलं. मसाला कुटला होता.

"शिवपुरीला पाठवते यांना," ती म्हणाली.

"शिवपुरीला काय आहे?"

"संस्थानच्या वेळी उन्हाळ्यात दरबार तिथेच नसायचा का? हवा चांगली आहे."

"पण आता तिथे सरकार कुठे जातं?"

"सरकारला हवी असेल तर जाईल. आमचं आम्ही बघतो."

आतोबांनी ऐकलं आणि लगेच कढईला गोणपाट गुंडाळायला घेतलं. इतक्या लगेच की आत्याला थोडा राग आला आणि थोडं हसू आलं. दोन्ही एकदम तिच्या तोंडावर दिसत होतं.

शिवपुरीची गाडी छोटी, अरुंद रुळांची, खेळण्यासारखी. थोरली त्यात मावता मावेना. आत्याने डबा दिला. आतोबांनी हलवून पाहिला, झाकण उघडलं.

"अर्धाच?"

"अर्धाच."

"हा किती दिवस पुरणार?"

"पुरेल तितके दिवस राहा."

मग तिने विचारलं. गेल्या दिवाळीला राहिलेलं, ते त्या छोट्या गाडीपाशी, मोठ्याने, माझ्यासमोर.

"लौटणार कधी?"

 सांगायला आता सरकार नव्हतं. आतोबांनी डोकं खाजवलं. "डबा संपला की," ते म्हणाले.

शिवपुरीच्या दुकानाची पाटी मी नंतर पाहिली. आमचाच रंगारी. राजधानी, तळलेली कोंबडी, शाखा. त्याने सवयीने 'मुख्य' लिहिलं होतं, ते आतोबांनी पांढऱ्या रंगाने पुसायला लावलं. खालून थोडं दिसायचं.

हाडं

आतोबा लौटले तेव्हा आंबे अजून संपले नव्हते. आत्याने डबा हातात घेतला, आणि तिला तो जड लागला.

"हा तर तसाच आहे. कोणी खाल्ली नाही वाटतं तिकडे?"

"कोणी खाल्ली नाही? रांगा लागायच्या!"

"मग मसाला?"

आतोबा रांजणातलं पाणी पीत होते. रांजण आत्याच्या जागेवर होता.

"कमी कमी घातला," ते म्हणाले.

"का?"

"तूच म्हणालीस ना, पुरेल तितके दिवस राहा. मला वाटलं, तुला जरा जास्त दिवस हवे असतील एकटीला."

"मग इतक्या लवकर कसे आलात?"

 आतोबा आणखी एक भांडं पाणी प्यायले. आत्या डबा छातीशी धरून उभी होती.

"लोकांना अळणी खायला घातलंत," ती म्हणाली. "माझ्या मसाल्याच्या नावावर!"

"लहान मुलं आवडीने खायची," आतोबा म्हणाले.

मग दर उन्हाळ्यात ते शिवपुरीला जात राहिले, दर उन्हाळ्यात डबा अर्धा जायचा आणि थोडा भरलेला परत यायचा. आत्याने तो कधी गळ्यापर्यंत भरला नाही, आतोबांनी कधी संपवला नाही. त्यांचे हातपाय थकले तेव्हा राजधानी मिटली, सगळ्या शाखांसकट.

सुमनताई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर होते."

"तुमच्या पानात पडली ती तशीच होती," मी म्हटलं.

बळवंतांनी घसा साफ केला. "ते सगळं ठीक आहे. पण मुख्य शाखा इंदूरलाच."