रुखमाने मोडलेली शपथ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. बिनदांड्याची, बायकांची. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता हिरवा कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, ते मलाही सांगता येत नाही.

माझे भाग दूरच्या कारखान्यात घडले, पण मला उभी केली भंडाऱ्याच्या सोमाजी मिस्त्रींनी. १९७४ साली त्यांनी माझी चाकं बसवली, घंटी वाजवून पाहिली आणि मला वच्छलाबाईंच्या हाती दिलं. एसटीच्या टपावरून मी साकोलीला आले, तिथून एकोडीला. बाई एकोडीत राहत आणि जवळच्या एका खेड्यातल्या हायस्कूलात विज्ञान शिकवत. सायकलवर बसलेली बाई तिकडे कोणी पाहिली नव्हती. पहिले आठ दिवस माणसं शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची कामं सोडून बघत राहिली. पुढे तीच माणसं घंटी ऐकून म्हणू लागली, "बाई निघाल्या, साडेदहा झाले." एवढी शाबासकी मला पुरेशी होती.

शाळेत मी दहावीच्या वर्गाच्या खिडकीखाली उभी असे. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई एक तास पुस्तक मिटून ठेवत आणि आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलत. तो मॅट्रिकला असताना बाईंना म्हणाला होता की मला जगावंसं वाटत नाही. कोणाला सांगू नको, अशी शपथही त्याने घातली होती. बाईंनी शपथ पाळली. भाऊ गेला.

"मले कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तुमाले शिकवून राहिली," बाई सांगत. "जीव नकोसा झाला असं कोणी बोललं, निरोप घेतल्यासारखं वागलं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, तर ते पोटात ठेवायचं नाही. मोठ्या माणसाले सांगायचं. शपथ मोडली तर मोडली."

१९७९ सालची गोष्ट. धानाच्या मळणीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत रुखमा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ही तळ्यात मासे धरणाऱ्या बाबुलालची मुलगी, दहावीत शिकणारी. ती परत गेली, पुन्हा आली. तेवढ्यात बाई बाहेर आल्या.

"बाई, जागेश्वरनं मले त्याचे रंग देऊन टाकले. म्हणते, आता मले कामाचे नाही." रुखमाने माझं हँडल धरलं. "कोणाले सांगशील तं माह्या मायची शपथ, म्हणते. आज शाळेतही आला नाही."

जागेश्वर हा तुलाराम शेतकऱ्याचा मुलगा, रुखमाच्याच वर्गातला. शाळेत त्याच्यासारखी चित्रं कोणी काढत नसे. गेल्या पोळ्याला त्याची आई तापाने गेली होती. तेव्हापासून तो गप्प गप्प असे.

"तू सांगतलं, लई चांगलं केलं," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक श्यामरावांना कळवून त्या लगेच जागेश्वरच्या घराकडे निघाल्या. बैलगाडीच्या चाकोरीत माझी चेन दोनदा उतरली. तिसऱ्यांदा बाईंनी मला हाताने ढकलत पळायला सुरुवात केली.

जागेश्वर अंगणात एकटाच बसला होता. बाईंनी मला भिंतीला टेकवलं आणि त्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. रागावल्या नाहीत.

"जागेश्वर, तुले मरावंसं वाटते काय?"

मी दचकले. असं सरळ कोणी विचारतं का? पण पोराचा चेहरा डोक्यावरचं पोतं कोणीतरी उतरवल्यासारखा दिसला.

"हो बाई. माय गेली तवापासून. बाबा एकटाच राबते. मी नसलो तं त्याचं ओझं कमी होईन."

असं बोलू नये, असं बाई म्हणाल्या नाहीत. "बोल, मी ऐकून राहिली," एवढंच म्हणाल्या. तो अडखळत बोलत राहिला. भिंतीची सावली अंगणभर झाली, तरी बाई उठल्या नाहीत.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे आता तुह्या बाबाले सांगू."

"मारन तो मले."

"मी इथंच आहो."

तुलाराम खळ्यावरून आला, केसांत धानाच्या तणसाच्या काड्या घेऊनच. सगळं ऐकून तो मुलाच्या जवळ येऊन बसला. "मले वाटलं, पोट्टा शाना झाला म्हणून चूप रायते," तो बाईंना म्हणाला. मग मुलाकडे वळला. "तू कायचं ओझं रे? तुह्यासाठीच तं उठतो मी सकाळी."

घरात धोक्याचं जे काही होतं, ते त्याने त्याच सांजेला शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला दिलं. आपलं अंथरूण त्याने मुलाच्या अंथरुणाला लागून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिघंही एसटीने भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, हाही आजारच आहे. दिवस लागतील, पण उतरतो.

दिवस लागलेच. जागेश्वर कधी बरा असे, कधी आठवडाभर कोणाशी बोलत नसे. दर शनिवारी बाई आणि मी त्याच्याकडे जात होतो. रुखमाशी तर तो तीन महिने बोलला नाही. ती माझ्या सीटवर हात ठेवून रडायची. मग शिमग्याच्या सुमारास एकदा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू सांगतलं काहून?"

"तू पायजे होता म्हणून."

त्याने पायाने माती उकरली. मग म्हणाला, "बीजगणिताची वही दे. माहं लई राहून गेलं."

त्या वर्षी तो नापास झाला. ऑक्टोबरात पुन्हा बसला आणि पास झाला. आज तो बापाच्या धानाच्या बांध्या कसतो आणि गावोगावच्या शाळांच्या पाट्या रंगवतो. बाईंची १९८५ साली बदली झाली आणि मी शाळेच्या पडवीत राहिले. टायर कुजले, घंटी कोणीतरी काढून नेली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, मित्रांनो. लोखंडाने गंजावं, हे ठरलेलंच आहे.

माणसाचं तसं नाही. शेजारच्या बाकावरचा सोबती एकाएकी गप्प झाला, तर त्याला विचारा. विचारल्याने वेडंवाकडं त्याच्या मनात येत नाही; असलं तर ते बाहेर पडायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि मोठ्या माणसाला सांगा. आणि ते जड काही तुमच्याच छातीत असलं, तर एकाने ऐकलं नाही म्हणून थांबू नका, दुसऱ्याकडे जा. सगळं नीट मांडता यायलाच हवं असं नाही. 'मला बरं वाटत नाही, माझ्याजवळ बसा,' एवढं म्हटलं तरी सुरुवातीला पुरतं.