महाराजांनी परत केलेली घंटा

माझी आत्या स्तामेना हिने राजाला भर सोहळ्यात सांगितलं की ही भेट घेऊ नका, आणि राजाने तिचं ऐकलं. पेपरात एवढंच छापून आलं होतं आणि लोकांनाही तेवढंच ठाऊक आहे. पुढचं आम्ही गोर्नीलुग गावच्या लोकांनी भोगलं, म्हणून सांगायला बसले.

राजा बोगोल्युब गादीवर बसल्याला पन्नास वर्षं होत आली होती. त्याच्या खाणी होत्या, गलबतं होती, समुद्राकाठी उन्हाळ्याचा एक आणि हिवाळ्याचा एक असे वाडे होते. आमचा प्रांत डोंगरातला, मेंढरांवर जगणारा. अशा माणसाला आम्ही काय देणार? पण आमचा प्रांताधिकारी ग्रादिमिर याच्या डोक्यात आलं की प्रांतातर्फे महाराजांना एक मोठी घंटा द्यायची, आणि तीही विकतच्या धातूची नव्हे, घराघरांतल्या तांब्याची. प्रजेच्या चुलीवरची माया राजवाड्याच्या शिखरावर वाजेल, असं तो गावोगाव सांगत फिरला. बोलायचा छान.

भांडी स्वखुशीने द्यायची होती. स्वखुशी गोळा करायला दोन शिपाई आणि एक खटारा आला.

आत्याकडे चीज करायची मोठी डेग होती, तिच्या सासूच्या सासूच्या वेळची. उन्हाळ्यात मेंढरं वरच्या कुरणावर गेली की आमच्या तीन घरांचं दूध त्या एकाच डेगीत तापायचं. आत्याने शिपायांपुढे पातेली मांडली, ताटं मांडली, पाणी तापवायचा हंडाही दिला, आणि डेग तेवढी ठेवा म्हणाली. शिपाई म्हणाले, मोठी भांडी आधी आणा असाच साहेबांचा हुकूम आहे. पाद्री सेराफिम मध्ये पडले, पण समजूत घातली ती आत्याचीच. एका उन्हाळ्याचा तर प्रश्न, पुढच्या वर्षी नवी घेऊ, म्हणाले. नवी कशातून घ्यायची हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही कुरणावर मातीची मोठी भांडी नेली. एवढ्या दुधाला आणि एवढ्या जाळाला ती टिकण्यासारखी नव्हती. आत्याची धाकटी मुलगी नेवेंका चीज काढून झाल्यावर उरलेली निवळी उकळत होती. भांडं बुडातून तडकलं आणि सगळी निवळी तिच्या कमरेपासून खाली सांडली. तिचं लग्न ठरलेलं होतं. खेचरावर घालून तिला खाली आणेपर्यंत ती शुद्धीवर होती आणि वाटेत आईलाच धीर देत होती. घरी आल्यावर ताप चढला. तीन-चार दिवस काढले तिने.

आत्या रडली नाही. तिचा मुलगा ओब्राद राजाच्या लढाईत मेला होता, तेव्हा ती खूप रडली होती. या वेळी ती नुसती अंगणात बसून राहायची आणि कुणी काही विचारलं की होय किंवा नाही एवढंच म्हणायची.

आणि याच आत्याला ग्रादिमिरने सोहळ्यासाठी निवडलं. शहीद मुलाची आई, छातीवर पदक, काळे कपडे. घंटा अर्पण करताना तिने पुढे होऊन एक वाक्य म्हणायचं होतं: "महाराज, आम्ही आनंदाने दिलं." नेवेंकाचं त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. पाद्रीबाबा बरोबर जाणार होते. आत्याला सांभाळायला मला घेतलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मी आगगाडी पाहिली नव्हती.

गाडीत पाद्रीबाबा तिला हळूहळू समजावत होते. झालं ते झालं. आता महाराजांनी घंटा घेतली तर निदान लोकांच्या देण्याचं चीज होईल, नाही घेतली तर तेही नाही. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्ही म्हटलं असतंत का ते वाक्य?" तिने विचारलं.

"म्हटलं असतं," पाद्रीबाबा म्हणाले. "आणि नंतर देवापाशी त्याची माफी मागितली असती."

राजवाड्याच्या चौकात घंटा एका सजवलेल्या गाडीवर ठेवली होती. माणूसभर उंच. तिच्यावर राजाचं नाव आणि त्याचा चेहरा ओतलेला होता, तरुणपणीचा. खरा राजा खुर्चीत बसला होता. पाय सुजलेले, गुडघ्यांवर शाल. आत्या पुढे गेली तेव्हा त्याने तिचं पदक पाहिलं आणि मुलाचं नाव विचारलं. कुठल्या लढाईत, तेही विचारलं. ते विचारणं वरवरचं नव्हतं.

मग आत्या म्हणाली, "महाराज, ही घंटा घेऊ नका."

"का, बाई?"

"ही आमची भांडी आहेत. तुमच्याकडे घंटा पुष्कळ आहेत. आमच्याकडे दूध तापवायला काही उरलेलं नाही. मातीचं भांडं फुटून माझी मुलगी भाजून मेली."

ग्रादिमिर पुढे धावला. बाईच्या डोक्यावर दुःखाने परिणाम झालाय, असं काहीतरी म्हणाला. राजाने हात वर केला तसा तो थांबला.

राजाच्या मागे त्याचा खासगी कारभारी उभा होता, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा. तो राजाच्या कानाशी वाकला. मी आत्याचा हात धरून अगदी जवळ उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणत होता की घंटा घ्यावी, सगळ्या प्रांताचा मान राहील, आणि महिन्याभराने गाजावाजा न करता घरोघर नवी भांडी पाठवून द्यावीत. खाणी आपल्याच आहेत.

राजा म्हणाला, "म्हणजे घेतल्यासारखंही आणि परत दिल्यासारखंही."

"असंच करतात, महाराज."

राजाने घंटेवरच्या आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठला आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की जिच्यासाठी माझ्या लोकांच्या चुली विझल्या ती घंटा मी घेणार नाही. या बाईची आहे, या बाईला परत द्या.

लोक रडले. मीही रडले. आत्याने खाली वाकून राजाचा हात डोळ्यांना लावला. भांडी कशी परत मिळणार, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

आम्ही घरी पोचल्यावर काही दिवसांनी बैलांच्या दोन जोड्या लावून घंटा गोर्नीलुगला आली. 'या बाईला परत द्या' हा शब्द ग्रादिमिरने अक्षरशः पाळला होता. आमच्या चर्चचा मनोरा लाकडी, त्याला ती पेलणार नव्हती. तेव्हा ती चर्चपुढच्या मोकळ्या जागेत उतरवली. सोबत कचेरीचा हुकूमही आला होता. घंटेवर महाराजांचं नाव आणि मुखडा आहे, त्यामुळे तिला हातोडा, करवत किंवा विस्तव लावता येणार नाही, विकताही येणार नाही. तिच्यावर छप्पर घालायचं आणि पहाऱ्याच्या शिपायाला गावाने पाळीपाळीने जेवण द्यायचं.

आत्या ग्रादिमिरच्या कचेरीत गेली. त्याने तिला दारातच उभं ठेवलं.

"तुलाच परत हवी होती ना? मिळाली. आता सांभाळ."

"साहेब, वितळवायची परवानगी द्या. धातू विकू, जो तो आपापलं भांडं घेईल."

"महाराजांच्या तोंडावर हातोडा मारायची परवानगी? ती महाराजांकडेच माग. तुझी ओळख आहे."

हे सगळं एका गावापुरतं असतं तरी निभावलं असतं. पण घंटेत अख्ख्या प्रांताची भांडी होती आणि घंटा होती आमच्या गावात. खालच्या गावांतल्या बायका बाजाराच्या दिवशी मुद्दाम चर्चपर्यंत यायच्या. "माझा हंडा यात कुठेशी आहे, जरा दाखव की," असं आत्याला विचारायच्या. जत्रेत आमच्या चीजला कुणी हात लावेना. तसंही ते मातीच्या भांड्यातलं, धुरकट लागायचं. पोरं आत्याला 'राणीसाहेब' म्हणायला लागली.

शरद ऋतूत आत्या आणि पाद्रीबाबा पुन्हा राजधानीला गेले. राजा पायांच्या उपचारासाठी गरम झऱ्यांवर गेला होता. खासगी कारभाऱ्याने दोघांना बसवून कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की महाराजांनी भेट नाकारली त्याची चर्चा परदेशातही झाली. याच वर्षी त्यांच्या नावाची घंटा त्यांच्याच परवानगीने फोडली, असं छापून आलेलं चालणार नाही. नवी भांडी पाठवावीत तर आपण काहीतरी घेतलं होतं असा अर्थ निघेल. तरी मी महाराजांच्या कानावर घालतो.

त्याने घातलंही असणार. कारण बर्फ पडायला लागल्यावर राजवाड्यातून एक पेटारा आला. आत नवीकोरी तांब्याची डेग होती, कल्हई केलेली, काठावर राजमुद्रा. आत्यासाठी. फक्त आत्यासाठी.

अख्खं गाव बघायला जमलं. आत्या डेगीला हात न लावता उभी होती.

"मी त्याला घेऊ नको म्हटलं, त्याने घेतली नाही. आता मी कुठल्या तोंडाने घेऊ?" ती म्हणाली.

पाद्रीबाबा म्हणाले, घे. मीही म्हणाले, आत्या, घे, तीन घरांना होईल. माझ्या पोटात तेव्हा पहिलं मूल होतं आणि मला कुरणावरच्या त्या मातीच्या भांड्यांची भीती वाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डेग आत न्यायला सांगितली.

वसंतात पहिलं दूध त्या डेगीत तापलं. चीज चांगलं झालं होतं. आत्या ते घेऊन गावच्याच बाजारात बसली. खालच्या गावची एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिला मी ओळखत होते, वाईट बाई नव्हती, तिच्या घरचं एकूण एक भांडं गेलं होतं. ती म्हणाली, "बरं जमवलंस. मुलीच्या बदल्यात डेग."

आत्या उठली. चीज तिथेच राहिलं. ती लोहाराच्या पालात गेली, त्याचा घण उचलला आणि चर्चकडे चालू लागली. लोहाराला वाटलं, कुठे खुंटा ठोकायचा असेल. मी धावले, पण जड अंगाने मला पोचता आलं नाही. पहिला घाव मी ऐकला. घंटा अशी वाजली की बाजार गप्प झाला. दुसरा, तिसरा. शिपाई छपराखाली भाकरी खात बसला होता, तो तोंडात घास तसाच धरून बघत राहिला. मग आवाज बदलला, फुटक्या मडक्यासारखा झाला. काठापासून निघालेली चीर राजाच्या चेहऱ्यातून वर गेली होती. आत्याने घण खाली ठेवला आणि शिपायाची वाट बघत उभी राहिली.

राजद्रोहाचा खटला चालला. पाद्रीबाबांनी राजवाड्याकडे दयेचा अर्ज केला. उत्तर आलं की न्यायालयाच्या कामात महाराज ढवळाढवळ करत नाहीत. राजद्रोह्याच्या घरी राजमुद्रेची वस्तू राहू शकत नाही, म्हणून डेग जप्त झाली. आमच्या तीन घरांनी त्या वर्षी निम्मी मेंढरं विकली.

तुरुंगातून आत्या आली तेव्हा माझी दुसरी मुलगी चालायला लागली होती. आत्याचे पुढचे दात गेले होते आणि उजवा हात वर उचलला जात नव्हता. स्वतःच्या घरी ती गेली नाही, आमच्याकडेच राहिली. चिरलेली घंटा अजून तिथेच होती. ती वाजवता येत नव्हती, मोडता येत नव्हती. छप्पर पडलं होतं, शिपायाला मात्र जेवण चालू होतं.

राजा त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेला. पाद्रीबाबांनी मनोऱ्यातली जुनी लहान घंटा दिवसभर वाजवली. आम्ही दोघी गोठ्यात होतो. आईवेगळ्या कोकराला मी चिंधीने दूध पाजत होते आणि आत्या त्याला मांडीवर धरून बसली होती.

"म्हातारा वाईट नव्हता," ती म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "आत्या, त्याने तेव्हा घ्यायलाच हवी होती का गं?"

तिने कोकराला मांडीवर नीट धरलं.

"घेतली असती तर मी त्याला मरेपर्यंत शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "ते सोपं गेलं असतं."

मग तिने कोकराचं तोंड दुसऱ्या बाजूने वळवलं आणि म्हणाली, चिंधी नीट बुडव, याला काहीच मिळत नाहीये.