सासऱ्यांची काठी आणि मागचा उजवा दिवा

सुताराच्या जुन्या पिकअपचा मागचा उजवा दिवा कचेरीसारखा वागत होता. एका खिडकीवर विचारावं, तर उत्तर दुसऱ्याच खिडकीतून येई. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा आणि इंडिकेटर द्यावा तर पार्किंगचा लाल दिवा डोळा मारायचा. याच कारणावरून गाडी तपासणीत दोनदा नापास झाली होती. आज दुपारी तिसरी खेप होती. या खेपेलाही नापास झाली तर गाडी भंगारात जाईल, असं बायकोनं जाहीर केलं होतं. भंगारवाला येऊन टायरला लाथ मारूनही गेला होता. ती लाथ सुताराला स्वतःच्या नडगीवर लागली.

कारण गाडीवर त्याचा जीव होता. उन्हाळ्यात त्यानं तिला कपाटाला देतात तसा निगुतीनं रंग दिला होता, एकावर एक तीन हात. वरवरचं काम त्याला ठाऊकच नव्हतं. मागचे दिवे काढून त्यांच्यामागचा पत्रा त्यानं रंगवला, वाळल्यावर दिव्यांचे स्क्रूसुद्धा रंगवले आणि मगच सगळं परत बसवलं. गिऱ्हाइकं आधी गाडीवरून हात फिरवत आणि मग टेबलखुर्च्यांकडे वळत.

सकाळपासून त्यानं बल्ब बदलले, फ्यूज बदलला, इंडिकेटर टिकटिकवणारी डबीही बदलली. बायको स्टिअरिंगमागे बसून सांगेल तसा पाय दाबत होती आणि मधल्या वेळात मांडीवरच्या ताटात वाटाणे सोलत होती. सासरे काठी हातात धरून गाडीमागे उभे होते. त्यांनी जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेलं. दिव्याला दोन वायरी लागतात, इथं एकच येते, म्हणजे दुसरी कुणीतरी खाल्ली, असं त्यांचं निदान होतं. गाडीचा पत्राच दुसऱ्या वायरीचं काम करतो, असं सुतारानं नम्रपणे सांगितलं. सासऱ्यांनी पत्र्याकडे पाहिलं. मुलगी देताना जावयाकडेही त्यांनी असंच पाहिलं होतं.

आणि मग एकदम सगळं सुरळीत झालं. ब्रेक दाबला की ब्रेकचाच दिवा, इंडिकेटर दिला की इंडिकेटरच. सगळ्यांनी हात धुतले. सासरे चहासाठी पायरीवर जाऊन बसले. बायकोनं खात्रीसाठी म्हणून ब्रेक दाबला, तर इंडिकेटर मिणमिणला. काय झालं म्हणून सासरे कप घेऊन परत आले, तर दिवा पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला.

"मी असलो की लागतो," सासरे म्हणाले. "विजेला माणूस कळतो, जावईबापू."

"मग बाबांनाच बांधा मागे," बायको आतून म्हणाली.

सासऱ्यांना इकडून तिकडे नाचवणं जावयाला शोभलं नसतं. लेकीला तसली अडचण नव्हती. तिनं वडिलांना पायरीवर पाठवलं, परत बोलावलं, पुन्हा पाठवलं. सुतार बंपरजवळ उकिडवा बसून पाहत राहिला. तेव्हा त्याचं लक्ष काठीकडे गेलं.

काठी स्टीलची होती आणि तिचं खालचं रबर कधीच गळून पडलं होतं. सकाळभर ती हातात धरून सासरे थकले होते; आता उभे राहिले की तिचं टोक मागच्या हुकात अडकवत आणि वरचा भाग दिव्याच्या लोखंडी कडेला टेकवत, म्हणजे कप धरायला हात मोकळा. माल बांधायच्या दोरानं घासून हुकाचा रंग उडाला होता. दिव्याच्या कडेपासून उघड्या हुकापर्यंत वीज काठीवरून परत जात होती, कारण नेहमीची वाट सुतारानं स्वतःच बुजवली होती. दिव्यामागे रंग, स्क्रूवर रंग. वाट सापडेना, म्हणून बिचारी शेजारच्या बल्बमधून घुसून जायची.

त्यानं दिवा सोडवला, पॉलिश पेपर घेतला आणि स्वतःच्याच रंगावर ठेवला. हात पुढं होईना.

"कुणी इतका जाड रंग दिलाय?" बायकोनं विचारलं.

"भल्या माणसानं," तो म्हणाला आणि घासू लागला.

बटणाएवढा पत्रा उघडा झाला, स्क्रू लख्ख झाले, दिवा परत बसला. सासरे पायरीवर आणि काठी त्यांच्या मांडीवर असतानाही ब्रेक दाबला की ब्रेकच लागू लागला. सुतारानं काठीची सगळी हकिगत समजावून सांगितली. सासऱ्यांनी ती ऐकून घेतली आणि ते कपातला गार चहा न्याहाळत राहिले.

"म्हणजे आता माझं काम नाही."

सुतारानं पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बाबा, तपासणीला तुम्ही हवेतच. काठी घेऊन चला."

दुपारी सासरे इस्त्रीचा सदरा घालून गाडीमागे उभे राहिले. तपासनीसानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले, पण फार लांब गेले नाहीत. दिवे एकामागून एक लागले, जो सांगितला तोच. तपासनीसानं गाडी पास केली आणि जाता जाता नकळत तिच्यावरून हात फिरवला.

परतताना तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले होते. काठी सासऱ्यांच्या गुडघ्यांत होती.

"त्यानं बाजूला केलं म्हणून झालो," सासरे म्हणाले, "पण लक्ष माझं दिव्यावरच होतं."

सुतारानं मान डोलावली आणि वळण नसतानाही उजवा इंडिकेटर दिला.