बापाच्या घरची जर्सी

शवपेटी उतरवायला चौघे जण ट्रकपाशी आले, तेव्हा बिरागोने अर्धवट उघडलेला फाळका पुन्हा वर ढकलला आणि दोन्ही बाजूंच्या कड्या लावून टाकल्या.

"आधी जर्सी," ती म्हणाली. "मग पेटी."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. अंगणात मांडवाखाली लाल-काळ्या वस्त्रांतली माणसे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीने बसली होती. कर्ण्यावरचे प्रार्थनागीत कुणीतरी मध्येच बंद केले. आतल्या खोलीत पितळी पलंगावर बिरागोचे वडील क्वाकू आम्पोफो भरजरी केंटे वस्त्र पांघरून निजले होते. दोन महिने कुमासीच्या शवागारात काढून ते पहाटे घरी आले होते. ऊन चढत होते, खोलीतला पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि उशीर झाला तर पुढे काय घडते हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती.

देह घराण्याचा आणि पेटी मुलांची, अशी त्या लोकांतली वाटणी आहे. तिथी घराणे ठरवते, खड्डा घराणे खणते, शोक कुणी कोणत्या रांगेत बसून करायचा हेही घराणेच सांगते. पण पेटी मुलांनीच आणायची. घराण्याला ती स्वतः आणावी लागली तर गेलेला माणूस निपुत्रिक होता, असे भर मांडवात मान्य केल्यासारखे होते. आणि असा निपुत्रिक ठरू शकणाऱ्या या माणसाच्या दाराशी जो श्रद्धांजलीचा फलक लावला होता, त्यावर त्याच्याहून मोठा फोटो त्याच्या मुलीचा होता: देशाच्या जर्सीत, दंडावर कर्णधाराची पट्टी. तो फोटो छापताना तिला कुणी विचारले नव्हते.

घराण्याचे प्रमुख नाना ओपोकु काठी टेकत आले. ते तिच्या वडिलांचे मामेभाऊ नव्हेत, चुलतभाऊ नव्हेत. मावशीचे चिरंजीव होते, आणि आईच्या बाजूने चालणाऱ्या या हिशेबात तेच महत्त्वाचे होते.

"पोरी, हा काय तमाशा मांडलायस?"

"तमाशा नाही, नाना. बाबांबरोबर माझी एक वस्तू जायची आहे. ती आत्याच्या बोआहेनच्या बारमध्ये टांगलीय."

"ती आता बोआहेनची आहे."

"ती घालून मी खेळलेय."

"खेळली असशील. मग दिलीस कुणाला? बापाला. बापाचं जे होतं ते घराण्याचं झालं. तू त्याची मुलगी आहेस, त्याच्या घराण्यातली नाहीस. यात तुझा अपमान नाही गं. हे असंच असतं."

तिच्याबरोबर संघाच्या शिबिरातून आलेली गोलकीपर देदे पोलिसांत नोकरीला होती. ती मागून म्हणाली, "माफ करा, नाना, पण कायद्यानं घरातल्या चीजवस्तू बायकोमुलांच्या होतात. कायदा होऊन चाळीस वर्षं झाली."

"मग त्या कायद्याला सांग, ये म्हणावं खांदा द्यायला," नाना म्हणाले. पुढच्या दोन रांगा हसल्या.

बिरागो हसली नाही. तिची आई हाइके हाम्बुर्गची, जर्मन. रक्त आईकडून उतरते, असे तिच्या वडिलांचे लोक मानतात. त्यामुळे आम्पोफोंचे वारस म्हणजे त्यांच्या बहिणीची मुले. आफ्राकोमा आत्याचा मुलगा बोआहेन बिरागोहून चार वर्षांनी लहान होता. घर त्याला मिळाले, कोकोची बाग त्याला मिळाली, आणि रिवाजाप्रमाणे वारसाबरोबर नातेही मिळाले: आजपासून तिने या आतेभावाला बाप म्हणायचे होते. सकाळी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून विनोदही केला होता, "काय पोरी, बापाच्या पाया नाही पडलीस?"

फुटबॉलचा नियम नेमका उलटा आहे. आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी एकाचाही जन्म त्या देशात झाला असेल, तर खेळाडूला त्या देशाकडून खेळता येते. आम्पोफो याच गावात जन्मले होते, तेवढे पुरले. एकाच रक्ताच्या दोन तपासण्या होत्या, दोन्ही आपापल्या जागी काटेकोर, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध. देशाने तिला बापामुळे आपले म्हटले. बापाच्या अंगणात तेच कारण बाद होते.

हे तिला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळत होते. संताप त्याचा होता.

अठराव्या वर्षी जर्मनीच्या युवा संघाने तिला चाचणीला बोलावले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वडिलांनीच तिचे मन वळवले होते. "इथे तू कितीही धावलीस तरी पाहुणीच राहशील. तिकडून खेळ. तिथे आपलं घर आहे." बंदरावरच्या पाळीहून आलेला माणूस, हाताला ग्रीसचा वास, आणि आवाजात एवढी खात्री की तिने पुरावा मागितला नाही. ती कुमासीला आली. पहिल्या शिबिरात तांबड्या मातीच्या मैदानावर तिच्याकडे कुणी चेंडू टाकीना. तिला सगळ्या बोर्गा म्हणत. परदेशी राहून परतलेल्या कुणालाही तिकडे तेच म्हणतात. पूर्वी बहुतेक जण हाम्बुर्गलाच जात, त्यावरून तो शब्द. "माझ्या बाबतीत निदान ते खरं तरी आहे," असे ती म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा देदे हसली होती आणि दुसऱ्या दिवसापासून चेंडू येऊ लागला होता.

पुढची सगळी वर्षे तिने दोन जागी अर्धी अर्धी घालवली. हाम्बुर्गच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली तिची प्रत्येक रजा शिबिरात संपली. एका मोठ्या क्लबने करार केला नाही, कारण आफ्रिकेतल्या स्पर्धेसाठी ही ऐन हंगामात उठून जाते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तो याच देशासाठी खेळताना. शस्त्रक्रियेनंतर ती चालायला शिकली, धावायला शिकली, आणि परत आली तेव्हा तिची जागा गेली होती. ती तिने पुन्हा मिळवली. तिसऱ्या प्रशिक्षकाने तिला कर्णधार केले. उद्या कुमासीत पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता, आणि संध्याकाळपर्यंत शिबिरात परतायचे, या अटीवर तिला आजची सुटी मिळाली होती.

पहिल्या सामन्याची जर्सी तिने वडिलांना दिली. निवृत्त होऊन ते गावी परतले तेव्हा त्यांनी ती काचेत बसवून बैठकीच्या खोलीत लावली होती. ते गेल्यावर बोआहेनने ती आपल्या बारमध्ये नेली. आजारपणात फोनवर ते म्हणाले होते, "मी गेलो की ती माझ्या अंगावर घाल. बाकी काही नको." बस्स, एवढीच मागणी.

आणि त्यांना हे ठाऊक होते. ही गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती. कोकोची ती बाग आम्पोफोंना स्वतःला मामाकडून मिळाली होती, मामाच्या मुलांच्या डोळ्यांदेखत. गणित त्यांना तोंडपाठ होते. तरीही त्यांनी टेबलाशी बसून 'आपल्या घरा'चे ते एक वाक्य उच्चारले होते.

"पेटी राहू दे तुझी," नाना आता आवाज चढवून म्हणाले. "घराणं मेलेलं नाही. आम्ही दुसरी आणू."

"आणा," बिरागो म्हणाली. तिची ट्वी भाषा अजून जर्मन हेलाने चालत असे, पण शब्द चुकत नसत. "आणि माईकवरून सांगा की आम्पोफो निपुत्रिक गेले. त्याआधी दारावरचा फलक उतरवा. मुलगीच नव्हती तर तो फोटो कुणाचा?"

मांडवात कुजबुज उठली आणि विरली. नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.  हार न मानता हा वाद ते उन्हात उभे राहून दुपारपर्यंत ताणू शकले असते.

आफ्राकोमा आत्या पहिल्या रांगेतून उठली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बोआहेन, जा. घेऊन ये ती."

"आई, अगं ती दुकानाची शोभा आहे. लोक बघायला येतात."

"भाऊ आत फुगायला लागलाय माझा. आधी त्याची शोभा बघ, मग दुकानाची."

तो मोटारसायकल घेऊन गेला आणि चौकटीसकट जर्सी घेऊन आला. बिरागोने मागची पट्टी काढून ती बाहेर घेतली. पांढरे कापड धुराने पिवळट झाले होते. त्याला तळलेल्या मासळीचा आणि बिअरचा वास होता. पाठीवरचा सतरा आकडा कडेला सुटला होता. तिने फाळक्याच्या कड्या काढल्या.

पेटीत ठेवायच्या वस्तू मोठ्याने पुकारायची रीत आहे. नानांचा भालदार माईकपाशी उभा राहिला. "मृताची मुलगी बिरागो हिच्याकडून: एक पेटी. दोन वस्त्रं. एक अंगठी. सहा रुमाल." मग तिच्या हातातल्या कापडाकडे पाहून तो अडखळला. "आणि एक शर्ट. वापरलेला."

कुणीतरी खाकरले. बिरागोने भालदाराची चूक सुधारली नाही. तिने जर्सी वडिलांच्या छातीवर पसरली, सुटलेला आकडा बोटाने दाबून बसवला. तो पुन्हा उचलला गेला. मग तिने घाई न करता दोन्ही बाह्या त्यांच्या हातांखाली सरकवल्या, आणि बाजूला झाली. पुढचे सारे घराण्याचे होते.

उन्हे कलल्यावर ती आणि देदे टॅक्सीने निघाल्या. तिठ्यावर बोआहेनचा बार आला, तेव्हा बिरागोने गाडी थांबवायला सांगितले.

"आता भांडू नकोस हं," देदे म्हणाली. "उद्या सामना आहे. पाय शाबूत ठेव."

"तहान लागलीय."

आत शोकाच्या वस्त्रांतलेच सातआठ जण बसले होते. बोआहेन गल्ल्यामागे होता. त्याने न विचारता थंड माल्टची, बिनदारूच्या पेयाची, बाटली उघडून तिच्यापुढे ठेवली. पैसे नकोत हेही त्याने हातानेच सांगितले. माणूस वाईट नव्हता, ही त्यातली सर्वांत अवघड बाब होती. त्याच्यामागे भिंतीवर, विटलेल्या निळ्या रंगात, चौकटीएवढा गडद निळा चौकोन उरला होता. वर खिळा.

"भिंत बोडकी दिसतेय बघ," तो म्हणाला. "उद्याची जर्सी देशील ना? माझ्याकडे नाहीतर कुणाकडे राहणार? बाप आहे मी आता तुझा."

"उद्याची मी घरी नेणार आहे."

"कोणत्या घरी?"

तो टोमणा नव्हता. चौकटीचे माप कळावे इतक्याच सरळपणे त्याने विचारले होते, आणि उत्तराची वाट पाहत तो खरोखर थांबला.  बाहेर टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला.

बिरागोने बाटली संपवली. गल्ल्याला वळसा घालून ती भिंतीपाशी गेली, टाचा उंचावून तिने खिळा धरला, दोनदा हलवला. तो सहज निघाला. थोडा चुना तिच्या मनगटावर सांडला. खिळा तिने बोआहेनच्या हाताशी, फळीवर ठेवला आणि ती बाहेर टॅक्सीपाशी थांबलेल्या देदेकडे गेली.