पेन्सिलीचे आकडे

"काका, हे 'मान्य' आणि हे 'बदल'," मॅडमनी पडद्यावरच्या दोन बटणांवरून बाण फिरवून दाखवला. "मशीन निर्णय घेत नाही हं. मशीन सल्ला देतं. निर्णय तुमचाच."

"आत्तापर्यंत कोणाचा होता मग?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. आमच्या कुलुपांच्या कंपनीत नवी सिस्टीम बसवायला त्या दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी मला काका केलं होतं. मी त्यांना मॅडम म्हणत होतो. असं म्हटलं की माणूस चार हात लांब राहतो.

त्यांनी शिकवलं मात्र नीट, खोटं कशाला बोला. सिस्टीमच्या पोटात जुनी माहिती असते. त्या माहितीवरून हिशेब करायची एक रीत ठरवून दिलेली असते. ती रीत वापरून मशीन पुढच्या आठवड्याचा अंदाज काढतं आणि कोणत्या शाखेला किती डझन कुलुपं पाठवावीत ते सांगतं. वर त्याला प्रश्नही विचारता येतात. समजा दोन नंबरच्या शाखेला शंभर डझन कमी दिले तर? समजा कारखाना चार दिवस बंद राहिला तर? बटण दाबलं की उत्तर हजर.

"तुमचं दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत होईल," मॅडम म्हणाल्या.

"मग यांना आपण दुसरं काहीतरी बघू," शेजारी उभे असलेले मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नसणार. पण ते वाक्य माझ्या मनात रुतलं ते रुतलंच.

माझं काम सांगण्यासारखं काही नाही. कंपनीच्या अकरा शाखा. दर सोमवारी त्यांची मागणीपत्रकं येतात आणि कोणाला किती माल द्यायचा ते मी ठरवतो. चोवीस वर्षं ठरवतोय. शाखांमध्ये मला पाठीमागे 'कात्री' म्हणतात, कारण मागितलेलं सगळं मी कधीच देत नाही. देऊन चालतच नाही. दोन नंबरच्या शाखाप्रमुखाला दोनशे डझन हवे असले की तो तीनशे लिहितो, कारण मी एक तृतीयांश कापतो हे त्याला ठाऊक. आणि मी एक तृतीयांश कापतो, कारण तो तीनशे लिहितो हे मला ठाऊक. चार नंबरवाला तर पेपरात कुठे घरफोडीची बातमी आली की दुप्पट मागतो. जणू चोर नेमके त्याच्याच दुकानापुढून जाणार आहेत.

याला अपवाद एकच, नऊ नंबर. तिथे एक बाई आहेत. नवरा गेल्यावर त्या शाखेत हिशेबनीस म्हणून लागल्या आणि पुढे त्याच शाखाप्रमुख झाल्या. त्या मागतानाच संकोचतात. मला आजवर प्रत्यक्ष भेटल्या नाहीत, पण फोनवर आवाज असा की जणू उसनी साखर मागताहेत. साठ डझन लिहिले की मी मुकाट्याने बहात्तर पाठवायचो. संपायचे बरोबर.

आता गंमत अशी, की शाखांची मागणी पत्रकात शाईने लिहिलेली असते आणि मी प्रत्यक्ष पाठवलेला आकडा त्याच पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचो. गोदामाच्या चिठ्ठ्या वर्षभराने रद्दीत जातात, त्यामुळे खरा आकडा तेवढाच. सहा वर्षांची पत्रकं मशीनमध्ये भरायला बाहेरची माणसं आली, त्यांना कुणीतरी सांगितलं की शाईतलं तेवढं घ्या. त्यांनी घेतलं. पेन्सिल सुटली.

हे मला पडदा पाहताक्षणी कळलं. दोन नंबरपुढे तीनशे, चार नंबरपुढे चारशे. सगळ्या शाखांच्या थापा ओळीने मांडून ठेवलेल्या.

"काका, ही माहिती बरोबर आहे ना? एकदा नजर टाका," मॅडमनी विचारलंही होतं.

"शाखांनी जे लिहून पाठवलं, तेच आहे," मी म्हणालो.

याहून खरं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, आणि याहून खोटंही. मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"त्यांनी विचारलं का तुम्हाला?"

"विचारलं."

"मग सांगितलंत?"

"विचारलं तेवढं सांगितलं."

"म्हणजे नाही सांगितलंत," ती म्हणाली. "कोणाचं वाईट होणार आहे यात?"

"कोणाचं नाही. मशीन तोंडावर पडेल, एवढंच."

पहिल्या सोमवारी मशीनने अकरा आकडे दिले. 'बदल' दाबलं तर कारण लिहावं लागत होतं. मी अकरा वेळा 'मान्य' दाबलं. दुसऱ्या सोमवारी दाबलं, तिसऱ्याही. कारखान्याने जादा पाळी लावली. गोदामात चालायला जागा उरली नाही, आणि मी मूग गिळून सगळं बघत बसलो. आतून बरं वाटत होतं हेही सांगून टाकतो.

चौथ्या आठवड्यात चार नंबरवाल्याचा फोन आला. "अहो, मी चारशे मागितले म्हणून चारशे पाठवलेत? काही डोकं ठिकाणावर आहे का? मी जिन्यावर खोकी ठेवलीत! माझा माणूस अडखळून पडला काल!"

मी पोटभर हसलो. हसत असतानाच दुसरा फोन वाजला. नऊ नंबरच्या बाई.

"दादा, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माल संपलाय. इथे मुलींचं नवं वसतिगृह झालंय, त्यांना तीनशे कुलुपं हवी होती. मी देऊ शकले नाही, ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. माझीच चूक. मीच कमी लिहिले असणार."

"किती लिहिले होते?"

"नेहमीसारखे साठ."

"आणि आले?"

"साठ. पण दरवेळी कसे पुरायचे, तेच कळत नाही मला."

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पत्रकावरचा कोपरा माझ्याकडे आणि आलेली खोकी मोजायचं काम त्यांच्या गोदामवाल्याकडे. बाईंना वाटत होतं, आपला अंदाज बरोबर येतो.

पुढच्या आठवड्यात बघतो, असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम तिथेच होत्या. पडद्यावर अकरा शाखा मागणीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या होत्या.

"वरून एक शाखा बंद करायला सांगितलंय," साहेब म्हणाले. "मशीन नऊ नंबर सांगतंय. तुमचं काय मत? या बाईंना तुम्ही ओळखता."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं शाबूत होतं आणि एकटं ओलंच जळायला निघालं होतं. लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त त्या 'माझीच चूक'चं वाईट वाटलं.

"साहेब, माहिती चूक आहे," मी म्हणालो. "आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

पेन्सिलीचं सगळं सांगितलं. मॅडमनी वहीतली ती बरोबरची खूण शोधून काढली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला साहेबांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"मग अकरा अकरा वेळा 'मान्य' का दाबलंत?" साहेब ओरडले.

"राग आला होता."

"कोणाचा?"

"'दुसरं काहीतरी बघू' म्हणालात, त्याचा."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना ते वाक्य आठवतही नसावं.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "काका, मला प्रत्येक शाखेचं सांगा. किती कापायचात?"

मी सांगत गेलो. एक नंबर, दहा टक्के वजा. माणूस बरा आहे, पण मेव्हण्याचं ऐकतो. दोन नंबर, एक तृतीयांश वजा. तीन नंबर पंधरा, नवा आलाय, अजून शिकतोय. चार नंबर निम्मे. मॅडम फक्त आकडे घेत होत्या. मेव्हण्यासाठी तिथे रकाना नव्हता.

"नऊ नंबर?"

"वीस अधिक."

"अधिक?" त्यांनी मान वर केली.

"अधिक. त्यांना मागता येत नाही."

मॅडमनी अधिकची खूण घातली. अकरा आकडे सांगून झाले. त्यांनी कपाटातून जुनी पत्रकं काढून पंधरा-वीस ठिकाणी पेन्सिलीशी ताडून पाहिले. जुळले. मग बटण दाबलं. पडद्यावरची यादी हलली आणि नऊ नंबर तळातून वर सरकत सहाव्या जागी जाऊन बसला. चार नंबर धाडकन खाली आला.

"नऊ राहू दे," साहेब म्हणाले. मग घड्याळाकडे बघून, अगदी सहज, "एवढंच होतं? चोवीस वर्षं तुम्ही एवढंच करत होतात?"

सांगायला पाऊण तास लागला होता, तोही मी मध्ये मेव्हण्याबिव्हण्यांचं बोललो म्हणून. कागद अर्धासुद्धा भरला नव्हता.

"हो साहेब. एवढंच," मी म्हणालो.

त्यांनी मला काढलं नाही. मॅडमनी अहवालात 'माहिती भरताना राहिलेली त्रुटी' असं लिहिलं. माझं नाव कुठेच घातलं नाही. जाताना "येते काका" म्हणाल्या, पण पहिल्यासारख्या हसल्या नाहीत. ते मी कमावलेलंच होतं.

पुढच्या सोमवारी नऊ वाजता मशीनने आकडे दिले. मी एकेक नीट वाचला, अगदी खोट काढायच्या इराद्याने वाचला. मी घातले असते तेच होते. अकरा वेळा 'मान्य' दाबलं. गाडी गेली.

मंगळवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाजात ती उसनी साखर नव्हती.

"दादा, माल पोचला. या वेळी मी स्वतः मोजला. साठ लिहिले होते, बहात्तर आलेत. तुम्हीच वाढवत होतात ना इतकी वर्षं?"

"हो," मी म्हणालो.

"मग आता मीच बहात्तर लिहीत जाईन. तुम्हाला उगाच त्रास नको."

"नका लिहू," मी म्हणालो. "साठच लिहा. तिकडे बरोबर होतं आपोआप."

"आपोआप?"

"हो. आता मला काही करावं लागत नाही."

त्यांनी आभार मानले. मी फोन ठेवला. साडेनऊ वाजले होते. सुटायला पाच वाजायचे होते.