एकदा पाणी बदला

मी बोलतोय तो नोएडातल्या एका प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून. मी पॉलिमर आहे, तोही साधासुधा नाही, फांद्याफांद्यांचा. माझ्या कुपीवर लाल पेनाने 'टॉक्सिक' लिहिलंय, म्हणून कुणी हात लावत नाही. पण मी विषारी नाही हो. ऐकणार असाल तर सांगतो.

मला देवयानीने घडवलं. हिंगोलीची पोर, पीएचडीला इकडे आलेली. आधी माझं खोड केलं, मग त्याला एकेक फांदी जोडली. या जोडणीला क्लिक म्हणतात. ब्लाउजचं टिचबटण बसतं तशी दोन टोकं एकमेकांत बसतात आणि मग सुटत नाहीत.

बसवायला तांबं लागतं. काम झालं की ते काढून टाकायचं असतं, पण लग्न जमवणारा मध्यस्थ घरातच ठाण मांडून बसावा, तसं ते माझ्या फांद्यांत रुतून बसतं. आणि तांबं पेशींना मारतं. माझ्या फांद्यांवर तर कॅन्सरचं औषध बसवून गाठीपर्यंत न्यायचं होतं. मला त्याचा भारी अभिमान होता.

तांबं काढायला देवयानीने मला पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात सोडलं. मी मोठा, मी आतच राहतो. तांबं बारीक, ते बाहेर निघतं. फक्त बाहेरचं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं लागतं. आतबाहेर सारखं झालं की मग तांबं कमी व्हायचं थांबतं.

ती बदलतही होती. पण नोव्हेंबरात धुराने हवा बिघडली आणि कॅम्पसच बंद झाला. देवयानी हॉस्टेलवर खोकत पडली, आणि मी त्याच शिळ्या पाण्यात.

लॅब उघडल्यावर तिची ज्युनिअर क्षिप्रा म्हणाली, "ताई, इतके दिवस पाण्यात होतं यार, क्लीन झालंच असेल. सरांना रिझल्ट हवाय." क्षिप्रा दिल्लीतच वाढलेली, तिला सगळ्याची घाई.

देवयानीने पिशवी उजेडात धरली. "तांब्याचा निळा रंग तर गेलाय. चल, सुकवू."

रंग फिका झाला होता, तांबं आतच होतं. अगं बाई, पाणी बदल, असं मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण आमचं कोण ऐकतं?

मला पेशींवर घातलं. औषध अजून बसवलंच नव्हतं, म्हणजे त्या जगायला हव्या होत्या; तरी सगळ्या मेल्या. सरांनी सरळ विचारलं, "कॉपर तो नहीं रह गया?"

"नहीं सर," देवयानी म्हणाली, "पूरी छुट्टी पानी में था." पोर खोटं बोलली नाही, पण पाणी बदललं होतं का हे ना सरांनी विचारलं, ना तिला सुचलं, आणि तिथेच आम्हा दोघांचं वाटोळं झालं.

"फिर मॉलिक्यूल ही खराब है. छोड़ो इसे."

त्या दिवशी माझ्याच फ्रीजरला टेकून तिने घरी फोन लावला. "आई, माझी रचनाच मुळात चुकली गं. मला नाही जमत हे." फेलोशिप संपत आली होती. पीएचडी अर्धवट टाकून ती गावी गेली.

आज क्षिप्रा फ्रीजर रिकामा करतेय. मला तिने हातात घेतलंय, लाल अक्षरं वाचतेय.

क्षिप्रा, मला फेकायचं तर फेक. पण आधी एकदा पिशवीत भर, पाणी बदलत राहा, आणि मग बघ पेशी मरतात का. ते जमणार नसेल, तर देवयानीला फोन तेवढा कर. म्हणावं, ताई, तुझी रचना बरोबर होती, पाणी बदलायचं राहिलं होतं.

"ताईचं ते टॉक्सिकवालं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.