माझे वाढलेले दोन इंच

मित्रांनो, मी शिलाईची एक जुनी टेप आहे, पिवळी, साठ इंची. जन्मभर मी लोकांना मापं सांगितली. पण एक गोष्ट मला कोणालाच सांगता आली नाही. तिची भीती अजून माझ्या घड्यांत बसली आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नेमकी साठ इंच होते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला दुकानातून आणलं आणि गळ्यात घातलं. त्यानंतर तेवीस वर्षं मी तिथेच. कोट, फ्रॉक, शाळेचे गणवेश, सगळी मापं माझ्या अंगावरून गेली. "माझ्या टेपचं माप कधी चुकत नाही," असं बाई गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझी छाती फुगे.

पण रोज ओढलं की धागे सैल होतात. एकदा बाईंच्या मैत्रिणीची नवी टेप टेबलावर माझ्याशेजारी पडली. तिचा साठ माझ्या अठ्ठावन्नपाशी संपला! मी दोन इंच वाढले होते. म्हणजे तीस इंचांची वस्तू मी एकोणतीस सांगत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण अंगाचं माप माझंच आणि कापडाचंही माझंच. दोन्हीकडे तीच चूक, म्हणून कपडे बरोबर बसत. मी गप्प राहिले. टेपला दुसरं येतं तरी काय?

मग बाईंच्या धाकट्या मुलीला बाळ झालं. ती राहायची नऊ तासांच्या विमानप्रवासावर. बाईंचे यजमान फरशी बसवणारे मिस्त्री होते. शिडीवरून पडल्यापासून त्यांच्या उजव्या पायात सळई आहे, गुडघा अर्धाच वाकतो. मागच्या वर्षी लांबच्या बसप्रवासात त्याच पायात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "पाय कुठे दबून राहता कामा नये. पुन्हा गाठ झाली आणि छातीत गेली, तर अवघड आहे."

म्हणून दोघांच्या प्रवासासाठी थोरली मुलगी लॅपटॉपवर तीन विमानांच्या सीटा ताडून पाहत होती. सीटची जाडी वजा करून तिने पायांसाठी उरणारी जागा वहीत लिहिली. पहिल्यात अठ्ठावीस इंच, दुसऱ्यात साडेएकोणतीस, तिसऱ्यात एकतीस.

"पहिल्याबद्दल एकाने लिहिलंय, 'गादी झकास आहे, पण पाय घरी ठेवून या,'" ती हसत म्हणाली. "आई, बाबांचं माप घे."

मिस्त्री खुर्चीत ताठ बसले. "नीट घे गं. मला कोट नको, जागा हवी आहे."

"हलू नका हो!" बाईंनी मला त्यांच्या पाठीपासून नडगीपर्यंत ताणलं. "एकोणतीस."

तीस! मी आतल्या आत ओरडले. तीस आहे, बाई!

"मग दुसरं चालेल," थोरली म्हणाली. "तिसऱ्यात मधे विमान बदलावं लागतं."

"ते नको गं, मला धडकी भरते. पण आधी बसून बघू." बाईंनी कपाट सरकवलं आणि खुर्चीच्या पाठीपासून साडेएकोणतीसवर उभं केलं. पण तेही माझ्याच मापाने! मिस्त्री मजेत बसले. नडगी आणि कपाट यांच्यात बोटभर जागा उरली.

माझं खोटं माझ्याच साक्षीने खरं ठरत होतं. थोरलीचं बोट 'बुक करा' या बटणाकडे निघालं. विमानात अर्धा इंच कमी पडणार होता. नऊ तास तो पाय दाबला जाणार होता.

"थांब जरा," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "ही फरशी कोणी बसवली?"

"तुम्हीच. दर पाहुण्याला सांगता," बाई म्हणाल्या.

"सांध्यासकट बारा इंची फरशी. खुर्चीच्या पाठीपासून कपाटापर्यंत अडीच फरश्या आणि वर अर्धा इंच. साडेतीस झाले. तुझी टेप साडेएकोणतीस कशी म्हणते?"

"माझी टेप चुकत नाही."

"माझी फरशीही चुकत नाही."

बाईंनी मला जमिनीवर अंथरलं. पाच फरश्या संपल्या आणि माझं टोक दोन इंच पुढे पडलं. बाईंनी ते दोन इंच बोटांनी मोजून पाहिले.

"तिसरं कर," त्या हळूच म्हणाल्या. "बदलू विमान. त्यात काय एवढं!"

आता आपण कचऱ्यात जाणार, असं मला वाटलं. पण बाईंनी मला गुंडाळून खिळ्याला टांगलं आणि प्रवासाच्या दिवशी दोघं निघून गेली. ते दीड दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. मग थोरलीच्या फोनवर एक फोटो आला. मिस्त्रींची नडगी, समोरची सीट आणि मधल्या फटीत बाईंचा आडवा अंगठा.

मित्रांनो, मी अजून खिळ्यावर आहे. परत आल्यापासून बाई रोज मला नव्या टेपशी जुळवून पाहतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखं जुनं, विश्वासाचं माप असेल. त्याला जपा, पण अधूनमधून जमिनीवर अंथरून पाहा. आम्हाला आमची चूक ठाऊक असते. सांगता मात्र येत नाही.